घरात कुणी डॉक्टर नाही आणि सर्जन व्हायचंय: बडोद्यात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी

बडोदा मेडिकल कॉलेजात किंवा गोत्रीच्या कॉलेजात यंदा प्रवेश मिळालाय, मनात सर्जरी आहे, आणि घरात, नात्यात, गल्लीत कुणीच डॉक्टर नाही. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. तुम्ही दलित असाल, आदिवासी असाल, मुसलमान किंवा ख्रिश्चन असाल, भटक्या-विमुक्तांतले असाल, किंवा ‘मुलींनी गायनॅक घ्यावं’ हे ऐकून वैतागलेल्या असाल. दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेले असाल, नाहीतर अखिल भारतीय कोट्यातून नंदुरबार, जळगाव, परभणीहून पहिल्यांदाच इथे उतरला असाल. मी याच शहरात शिकले, इथेच जनरल सर्जरी करते, आणि माझ्या घरातही माझ्याआधी कुणी डॉक्टर नव्हतं. ओळखी जन्माने मिळाल्या नाहीत तर त्या कामातून जमवता येतात. कशा, ते सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘सर्जरीत ओळख लागतेच’ असं वरच्या वर्गातलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगेल. अमेरिकेत हे बरंचसं खरं आहे. तिथे सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, वरिष्ठांची शिफारसपत्रं आणि मुलाखती लागतात. म्हणूनच तिथल्या स्त्री सर्जननी १९८१ साली आणि कृष्णवर्णीय सर्जननी १९८९ साली आपापल्या संघटना उभ्या केल्या आणि विद्यार्थ्यांना वरिष्ठांशी जोडून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे एमएसची, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीची, जागा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मिळते आणि पुढे एमसीएचची, म्हणजे सुपर-स्पेशालिटीची, नीट-एसएसवर. तिथे कुणाच्या काकांचा फोन चालत नाही. आपल्यासारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, ती विसरू नका.

मग ओळखी हव्यात कशाला? कारण रँकच्या अलीकडे आणि पलीकडे बरंच काही तोंडी चालतं. कुठल्या कॉलेजात रेसिडेंटला खरंच ऑपरेशन करायला मिळतं आणि कुठे तीन वर्षं फक्त ड्रेसिंग आणि डिस्चार्ज कार्ड, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. एमएस झाल्यावर पहिली नोकरी, एखादी फेलोशिप, खासगी हॉस्पिटलातली अटॅचमेंट, ‘माझ्याकडे एक पेशंट आहे, बघशील का’ असा फिजिशियनचा फोन, हे सगळं माणसांतून येतं. डॉक्टरांच्या मुलांना ते जेवणाच्या टेबलावर कळतं. आपल्याला ते वॉर्डात उभं राहून मिळवावं लागतं.

तीन प्रकारची माणसं

बडोद्यात राहून एक उदाहरण टाळताच येत नाही. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक ओळखत होते. बागेत रोज वाचत बसणाऱ्या त्या मुलाची त्यांनी स्वतःहून चौकशी केली होती, त्याला पुस्तकं दिली होती. पुढे शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा केळुसकरांनीच त्यांची गाठ महाराज सयाजीरावांशी घालून दिली. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली बडोदा संस्थानच्याच मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकरांनी ओळखलं, सयाजीरावांनी दार उघडलं. पण १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा कचेरीत सोबत उभं राहणारं कुणी नव्हतं. राहायला जागा मिळेना, पारशी लोकांच्या उतारूगृहातून बाहेर काढलं गेलं, आणि कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी हे शहर सोडलं. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बडोदा मेडिकल कॉलेजच्या सयाजी हॉस्पिटलपासून ती फार लांब नाही, एखाद्या रविवारी जाऊन या.

यातून मी एवढं घेते की माणसं तीन प्रकारची लागतात: रोज शिकवणारं कुणीतरी, दार उघडणारं कुणीतरी, आणि वाईट दिवशी सोबत उभे राहणारे. तिन्ही कामं एकाच ‘गुरू’कडून होतील अशी आशा धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. एचओडी (विभागप्रमुख) सर आपल्याला ओळखतात या समाधानात वर्षं जातात आणि हाताला काहीच लागत नाही.

पहिलं वर्ष: डिसेक्शन हॉल आणि गुजराती

पहिल्या वर्षी सर्जरीचा वॉर्ड लांब असतो, त्याची घाई नको. डिसेक्शनला टेबलाशी दुसऱ्या रांगेत उभं राहू नका, चाकू हातात घ्या. जांघेतला इंग्वायनल कॅनाल पहिल्या वर्षी नीट उलगडलात तर तिसऱ्या वर्षी हर्निया समजावून सांगावा लागत नाही. कॉलेज प्रत्येकाला एक मेंटर शिक्षक नेमून देतं. बहुतेक मुलं त्यांना सहीपुरती भेटतात. तुम्ही एकदा तरी वेळ मागून पंधरा मिनिटं बसा, आणि घरचं पहिलंच डॉक्टर आहात हे न लाजता सांगा. शिक्षकांना ते कळलं तरच ते काही सुचवू शकतात.

बाहेरून आलेल्यांनी याच वर्षी गुजराती बोलायला शिकावं. ‘क्यां दुखे छे, क्यारथी दुखे छे’ एवढ्यावर थांबू नका, वॉर्डातल्या मासींशी (आयांशी) रोज बोला. सयाजीत छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदपासून पार मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरपर्यंतचे पेशंट येतात. नंदुरबारकडच्या मुलांना भिली बोली येत असेल तर ती लपवू नका. पोटात अल्सर फुटलेला म्हातारा तीन दिवस घरीच का थांबला, हे त्याच्या बोलीत विचारता येणारा विद्यार्थी युनिटला हवाच असतो.

दुसऱ्या वर्षापासून: रोज शिकवणारं माणूस शोधा

ते माणूस म्हणजे प्रोफेसर नव्हे, आर-वन किंवा आर-टू, म्हणजे एमएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले रेसिडेंट. रेसिडेंट रात्रभर जागा असतो, त्याला मदतीची गरज असते, आणि जे तो आज शिकला ते उद्या सांगू शकतो. पोस्टिंग सुरू झाली की आपल्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस कोणता ते विचारून घ्या आणि त्या संध्याकाळी वॉर्डात हजर व्हा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. अभ्यास बुडवून रोज तिथे पडून राहणाऱ्यांचं पुढे नुकसानच होतं.

गेल्यावर ‘काही शिकवा ना’ असं म्हणू नका. त्या वेळी रेसिडेंटला शिकवायला सवड नसते. ‘ब्लड पाठवायचं आहे का? केस पेपरमध्ये हिस्टरी लिहू का?’ असं विचारा. लिहिलेली हिस्टरी त्याला दाखवा आणि चुका काढायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत तोच म्हणेल, ‘चल, ॲब्सेस (पू झालेला फोड) आहे, बघायला ये.’ मग ड्रेसिंग, मग टाके काढणं, मग एखाद्या रात्री देखरेखीखाली डोक्याच्या जखमेला टाका.

त्या रात्रीसाठी हात आधी तयार हवेत. दोन वेगवेगळ्या रंगांच्या बुटाच्या नाड्या घ्या, खुर्चीच्या पायाला अडकवा आणि गाठ मारायला लागा. रंग वेगळे असल्यामुळे कुठलं टोक कुठून कुठे गेलं ते डोळ्यांना दिसतं, आणि पक्क्या रीफ नॉटच्या जागी सरकणारी गाठ पडली तर लगेच ओळखता येते. दोन्ही हातांनी जमायला लागली की शिवणकामाच्या दोऱ्यावर या, मग तोच दोरा ओला करून ग्लोव्ह्ज घालून. टाक्यांसाठी केळीची साल चांगली. सुई काटकोनात घुसवा आणि मनगट वळवून बाहेर काढा. दोरा जास्त ओढलात तर साल फाटते. पेशंटच्या त्वचेचंही तसंच असतं, म्हणून किती ओढायचं ते सालीवरच शिका. मुदत संपलेले सूचर (टाक्यांचे दोरे) ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरकडे असतात. सरावासाठी मागितले तर बहुतेक जणी देतात.

ओटीत पहिल्यांदा जाताना

आदल्या दिवशी यादी बघा, एकच केस निवडा, तिची ॲनाटॉमी आणि ऑपरेशनच्या पायऱ्या वाचून जा. पेशंटला वॉर्डात भेटून या, नाव विचारा. नखं कापलेली, अंगठ्या-कडी-बांगड्या काढलेल्या. मनगटावरचा धागाही निघतो, मग तो मंदिरातला असो की दर्ग्यातला. आत गेल्यावर पहिल्यांदा सिस्टरना स्वतःचं नाव आणि वर्ष सांगा, आणि उभं कुठे राहू ते विचारा. निर्जंतुक हिरव्या कपड्यापासून हातभर लांब, हात छातीशी. चुकून काही निर्जंतुक वस्तूला हात लागला तर लगेच मोठ्याने सांगा. ओरडा खाल, पण तुमच्यावरचा विश्वास वाढेल. ओटीत विश्वासाला जितकी किंमत आहे तितकी दुसऱ्या कशालाच नाही.

हिजाब घालणाऱ्या मुलींचा प्रश्न मला दरवर्षी येतो. डोकं आणि मान पूर्ण झाकणाऱ्या हूड टोप्या असतात, त्या वापरता येतात. वॉश घेताना, म्हणजे ऑपरेशनआधी हात धुताना, मात्र हात कोपराच्या वरपर्यंत उघडे लागतात, कारण तिथे प्रश्न जंतूंचा आहे. वॉश झाल्यावर लगेच पूर्ण बाह्यांचा गाऊन चढतोच. हे पोस्टिंगच्या आधी ओटीच्या मुख्य सिस्टरशी शांतपणे बोलून ठरवा. ऐन केसच्या वेळी दारात हा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी ताण होतो, आणि त्यात तुमची केस जाते.

मुलींसाठी आणखी एक. मोठ्या केसमध्ये तासन्‌तास रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरताना उंची कमी पडत असेल तर पायाखाली स्टूल मागा. उंच मुलांच्या सोयीने लावलेल्या टेबलाशी टाचा उंचावून उभं राहण्यात काही शौर्य नाही. पाळीच्या दिवशी बसून घ्यावंसं वाटलं तर तेही सांगता येतं. पुरुषांनाही ओटीत चक्कर येते. तसं झालं तर टेबलापासून मागे होऊन खाली बसायचं.

दार उघडणाऱ्यांकडे काय मागायचं

आता प्रोफेसर. इथे नवख्यांचं सगळ्यात जास्त अडतं, कारण आपल्याला मोठ्या माणसाकडे काही मागायची सवयच नसते. मग आपण एकतर काहीच मागत नाही, नाहीतर ‘सर, मला गाइड करा’ असं सगळंच एकदम मागतो. ‘गाइड करा’ला चांगला माणूस ‘हो, हो’ म्हणतो आणि विसरून जातो, कारण करायचं काय ते त्याला कळलेलं नसतं.

छोटं, नेमकं, नाही म्हणता येईल असं मागा. मेसेज इंग्रजीत पाठवलात तरी आशय असा असावा:

‘नमस्कार मॅडम, मी तिसऱ्या वर्षात आहे, गेल्या महिन्यात आपल्या युनिटमध्ये पोस्टिंग होती. डायबेटिक फूटच्या पेशंटबद्दल आपण राउंडमध्ये जे सांगितलं त्यावर मी थोडं वाचलं आणि एक प्रश्न पडला आहे. या आठवड्यात ओपीडी संपल्यावर दहा मिनिटं भेटता येईल का? सोय नसेल तर पुढच्या आठवड्यातही चालेल.’

यात तुम्ही कोण, ओळख कुठली, काम काय, वेळ किती, हे सगळं आलं. रात्री अकराला पाठवू नका. उत्तर आलं नाही तर आठवडाभराने एकदाच आठवण करा, मग दुसऱ्या शिक्षकांकडे वळा. उत्तर न येण्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की त्या दिवशी तीन इमर्जन्सी होत्या.

भेट झाली तर त्यातून एक काम घेऊन बाहेर पडा. सगळ्यात चांगलं काम म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. १९७९ पासून चालू असलेली ही योजना एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन महिन्यांचा छोटा संशोधन प्रकल्प, आपल्याच कॉलेजातला एक गाइड आणि वर स्टायपेंड. सूचना दरवर्षी आयसीएमआरच्या संकेतस्थळावर येते. पण सूचना आल्यावर गाइड शोधायला निघालात तर उशीर होतो, म्हणून विषय आणि गाइड आधीच ठरवून ठेवा. विषय लहान घ्या. डायबेटिक फूटचे, म्हणजे मधुमेहाने पाय चिघळलेले, पेशंट किती उशिरा येतात आणि का, एवढाही चालतो. यात गाइडशी दोन महिने कामानिमित्त बोलणं होतं, आणि ते तुम्हाला कामावरून ओळखायला लागतात. पुढे ‘ही मुलगी चांगली आहे’ असं कुणाला फोनवर सांगायचं झालं तर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

भेटीनंतर काय केलं ते दोन ओळींत कळवा. आपली बरीच मुलं इथे थांबतात. सल्ला घेतात, तो पाळतातही, पण सांगत नाहीत. सांगितलं नाही तर समोरच्याला आपला सल्ला उपयोगी पडला हे कळणार कसं?

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: फक्त आपल्याच समाजाचे शिक्षक शोधू नका. ते असतील तर जरूर भेटा, ते जे समजून घेतील ते इतरांना समजायला वेळ लागेल. पण सर्जरीत आपले वरिष्ठ अजून थोडे आहेत आणि त्यांच्याकडे आधीच पन्नास जण येतात. मला हात धरून टाका शिकवणाऱ्यांत पटेलही होते आणि शेखही. तुम्हालाही तसेच भेटतील.

सोबत उभे राहणारे

पहिल्या वर्षीच पाच-सहा जणांचा गट करा. वेगवेगळ्या समाजांचा असेल तर उत्तम. नोट्स, पुस्तकं, आजारपणात डबा आणि मुख्य म्हणजे खरं बोलायची जागा. मे २०१९ मध्ये पायल तडवी ही जळगावची आदिवासी मुलगी मुंबईत रेसिडेंट असतानाच जीवाला मुकली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ रेसिडेंटवर झाला आणि खटला उभा राहिला. आपल्या घरातून पहिल्यांदा इथवर आलेल्या मुलामुलींनी ते नाव माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

टोमणे येतील. ‘पूर्ण नाव काय?’ ‘रँक किती होती?’ पहिल्या वेळी शांत उत्तर तयार ठेवा: ‘सर, रँकची नोंद ऑफिसात आहे, मी आजची केस सांगू का?’ बऱ्याचदा तिथेच थांबतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण होतं, हे लिहून स्वतःलाच ईमेल करा. त्यावर तारीख आपोआप पडते. मग गटातल्या एकाला सोबत घेऊन ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षकांकडे जा, आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कॉलेजात अँटी-रॅगिंग समिती आणि एससी-एसटी सेल असतो, लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि गुजराती-हिंदीत बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा.

कष्ट आणि छळ यांत फरक करायला शिका. छत्तीस तासांची ड्युटी सगळ्यांनाच असेल तर ती वाईट व्यवस्था आहे, त्यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं. ड्युटी लावताना, केस देताना, पाणी पिताना तुम्हालाच वेगळं काढलं जात असेल तर तो छळ आहे, आणि तो ‘सर्जरीत असंच असतं’ म्हणून गिळायचा नाही.

कॉलेजबाहेर

असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया ही १९३८ सालची संघटना. तिच्या राज्य आणि शहर शाखांच्या सभा, कार्यशाळा होत असतात. विद्यार्थ्याला येता येईल का ते आपल्या युनिटमधल्या कुणाला तरी विचारा. राष्ट्रीय परिषदेच्या नोंदणीचा आणि प्रवासाचा खर्च बघता एमबीबीएसमध्ये तिचा हट्ट नको. जवळची राज्य परिषद, एखादं पोस्टर, तेवढं पुष्कळ. तिथे गेलात तर जेवणाच्या रांगेत आपल्याच कॉलेजच्या मुलांबरोबर उभं राहू नका. दुसऱ्या शहरातल्या एका रेसिडेंटशी बोला आणि नंबर घ्या. पुढे लागेल.

इंटर्नशिप आणि चॉइस भरणं

तो नंबर लागतो तो इथे. इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या पोस्टिंगला जीव ओतून काम करा, बाकीच्या वेळात नीट-पीजीचा अभ्यास. रँक आली की बहुतेक मुलं मागच्या वर्षाचे कट-ऑफ घेऊन बसतात. तुम्ही फोन घेऊन बसा. पसंतीक्रमाच्या यादीतल्या पहिल्या सात-आठ कॉलेजांतला प्रत्येकी एक तरी रेसिडेंट गाठा, शक्यतो आर-टू, कारण आर-वनला बोलायला वेळ नसतो आणि आर-थ्रीला आता सगळं सुसह्य वाटायला लागलेलं असतं. कुणाला ओळखत नसाल तर आपल्या आर-वन ताईंना विचारा, त्यांच्या बॅचचं कुणीतरी असेलच.

विचारायचे प्रश्न असे: पहिल्या वर्षी हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स स्वतःच्या हाताने किती करायला मिळतात? लॅपरोस्कोपीत कॅमेरा धरण्यापलीकडे काही मिळतं का? मुलींसाठी वेगळी ड्युटी रूम आणि तिला आतून कडी आहे का? मागच्या तीन वर्षांत कुणी जागा सोडून गेलं का, आणि का? स्टायपेंड वेळेवर येतो का? सक्तीच्या सेवेचा बाँड किती वर्षांचा आणि तो मोडल्यास दंड किती? आणि शेवटी, फोन ठेवायच्या आधी: तिथे आडनावावरून वागणूक बदलते का? या प्रश्नावर समोरचं माणूस जरा थांबलं, तर कट-ऑफ कितीही खुणावत असला तरी ते कॉलेज यादीत दोन घरं खाली न्या.